महिलांची निवृत्तीची बचत: वयानुसार पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

साठीनंतर स्वतःच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा व्हावी असे ज्या महिलेला वाटते, तिने सर्वप्रथम आपले वय पाहावे. कारण कमी हप्त्यात हमीचे निवृत्तिवेतन देणाऱ्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० या वयातच नाव नोंदवता येते.

या योजनेसाठी अर्जदार भारतीय नागरिक असावी आणि तिचे बँकेत किंवा टपाल कार्यालयात बचत खाते असावे. जी व्यक्ती आयकर भरते किंवा पूर्वी भरत होती, तिला १ ऑक्टोबर २०२२ पासून प्रवेश मिळत नाही. सुधारित अर्जात परदेशी नागरिकत्वाबद्दलही विचारणा होते. त्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीय महिलेला हा मार्ग खुला नाही. साठीनंतर १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत जे मासिक निवृत्तिवेतन निवडावे, त्यानुसार हप्ता ठरतो. ५,००० रुपयांसाठी अठराव्या वर्षी दरमहा २१०, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये ज्या गृहिणीला मिळतात, तिने तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर त्यातून हप्ता जाऊन निम्म्याहून अधिक रक्कम हाती राहते. चाळिसाव्या वर्षी उरतात ते ४६ रुपये.

अर्ज आपले खाते असलेल्या शाखेतच द्यावा. सोबत आधार कार्ड, पासबुक आणि चालू मोबाइल क्रमांक लागतो. हप्ता मासिक, तिमाही किंवा सहामाही ठेवता येतो व तो खात्यातून परस्पर वळता होतो. मासेविक्रीवर घर चालवणाऱ्या महिलेने गोव्यातील १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात खात्यात पुरेशी शिल्लक राहील, याची तजवीज आधीच करावी. विवाहित महिलेच्या पश्चात तेच निवृत्तिवेतन पतीला मिळते, म्हणून अर्जात त्याचा तपशील द्यावा लागतो.

खरी कसोटी मात्र नावाची असते. लग्नानंतर आडनाव, आणि कित्येक घरांत पहिले नावही बदलते. त्यातच जुन्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाने ‘एक्स’ने सुरू होणारे शिरोडकर आधारवर ‘एसएच’ने लिहिलेले असते. एकच व्यक्ती कागदोपत्री अशी दोन होते. म्हणून कोणताही अर्ज करण्यापूर्वी विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या आधारे आधार, पॅन आणि बँक खात्यावरील नाव अक्षरशः एकसारखे करून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पंचविशीत ते जितके सोपे असते तितके साठीत राहत नाही.

गोव्यातील वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीत किंवा अन्यत्र नोकरी करणाऱ्या महिलेचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर लग्न किंवा बाळंतपणासाठी नोकरी सोडताना सगळी रक्कम काढून घेण्याचा सल्ला तिला घरूनच मिळतो. तो ऐकू नये, असे माझे मत आहे. या निधीला जोडलेल्या निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते. ती पूर्ण झाली नसल्यास नमुना १०-सी भरून रकमेऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद, मागता येते आणि पुढे नवी नोकरी लागल्यावर जुनी सेवा तिच्यात जोडता येते. नोकरी बदलली तरी भविष्य निर्वाह निधीचा युनिव्हर्सल खाते क्रमांक तोच ठेवावा.

चाळिशीनंतरही सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडता येते. त्याची मुदत १५ वर्षांची असून वर्षाला किमान ५०० व कमाल १,५०,००० रुपये भरता येतात. आधार, पॅन, छायाचित्र आणि नामनिर्देशन एवढे पुरते. भरणा न झालेल्या प्रत्येक वर्षासाठी ५० रुपये दंड व किमान रक्कम भरून बंद पडलेले खाते मुदतीपूर्वी पुन्हा सुरू करता येते.

साठीनंतर हाती एकरकमी पैसा असल्यास ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवून दर तिमाहीला व्याज घेता येते. बचत झालीच नसेल तर मासिक अर्थसाहाय्य देणाऱ्या, गोवा सरकारच्या समाजकल्याण संचालनालयाच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज करावा. त्यासाठी गोव्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आवश्यक असतो, आणि मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला सादर करावा लागतो.