क्लास लावलाय, पण मूल खेळतं कधी?

पुण्यात लहान मुलांच्या आईबाबांना विचारा, मुलांनी खेळायला हवं का? शंभर टक्के हो म्हणतील. मग विचारा की तुमचं पिल्लू संध्याकाळी काय करतं, तर सोमवार-बुधवार स्केटिंग, मंगळवार-गुरुवार अबॅकस, शनिवारी चेस. म्हणजे खेळ हवाय, पण शिकवायला सर हवेत, लेव्हल हवी, सर्टिफिकेट हवं. खाली पार्किंगमध्ये नुसतं उंडारणं म्हणजे टाइमपास.

आणि मनाच्या तब्येतीला नेमका तो टाइमपासच लागतो.

बाणेर-वाकडच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी बघा. डबा ऐसपैस चाललाय, डबा म्हणून बिसलरीची रिकामी बाटली. चार वर्षांचं एक पोरगं कच्चा लिंबू, त्याच्यावर राज्य येत नाही हे सगळ्यांना मान्य. मग सहा वर्षांचा एक जण आउट होतो, चिडतो, "जा, मी नाही खेळत" म्हणून लिफ्टपाशी जाऊन बसतो. कोणी मनवायला जात नाही. पाचेक मिनिटं तो तिकडूनच बघतो आणि मग स्वतःच उठून येतो, वर अट घालतो की पण पहिलं राज्य माझ्यावर नको. ह्यात त्याने राग गिळला, आपल्यावाचून खेळ थांबत नाही हे पचवलं, आणि तडजोड केली, हे सगळं सर नसताना! वरून आई ओरडली असती की "ए, त्याला पण घ्या रे", तर ह्यातलं काहीच झालं नसतं.

कॅनडातल्या लेथब्रिज युनिव्हर्सिटीत सर्जियो पेलिस आणि त्यांच्या टीमने उंदरांवर बरंच काम केलंय. काही पिल्लं बरोबरीच्या पिल्लांसोबत ठेवली, काही फक्त मोठ्या उंदरांसोबत, म्हणजे सोबत होती पण दंगामस्ती जवळपास नाही. मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे स्वतःला आवरणं आणि समोरच्याचा अंदाज घेणं चालतं, तिथल्या पेशींच्या जास्तीच्या फांद्यांची छाटणी मस्ती करणाऱ्या पिल्लांमध्ये नीट झालेली दिसली, बाकीच्यांमध्ये नाही. आता उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य, पण मोठ्यांची सोबत बरोबरीच्या दंग्याची जागा घेत नाही हा मुद्दा मला तरी पटतो.

दुसरी गोष्ट भीतीची. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळाचे प्रकार मांडले, उंचावर चढणं, जोरात पळणं, कुस्ती, एकट्याने लांब जाणं वगैरे. त्यांचं म्हणणं असं की मूल आपल्याला झेपेल तेवढीच भीती थोडी थोडी घेतं आणि त्यातून ती कमी होत जाते. घसरगुंडीवर उलटं चढणाऱ्या पोराला आपण "पडशील!" म्हणून खाली उतरवतो तेव्हा पडणं टळतं, भीती तशीच राहते.

डॉक्टर लोकही आता हेच म्हणतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की लहान मुलांच्या तपासणीत खेळसुद्धा 'लिहून द्या'. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाइडलाइन्समध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल आहे आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास. आपल्याकडे उलटा हिशोब असतो, जाऊ दे.

आईबाबांना नुसती नावं ठेवण्यातही अर्थ नाही म्हणा. रस्त्यावर गाड्या, गेटपाशी कुत्री, दोघांचं ऑफिस, क्लासमध्ये निदान मूल सुरक्षित आहे एवढं तरी कळतं. आणि रोज एकाच मुलाला सगळे मिळून त्रास देत असतील तर मध्ये पडायलाच हवं, ते भांडण नव्हे. पण साधी रुसारुशी असेल तर बाल्कनीतून दहा मिनिटं गप्प बघत बसा, बहुतेक वेळा आपापसात मिटतं. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये "येथे खेळू नये"ची पाटी लावायचा विषय निघाला की हात वर करून विरोध करा, पार्किंगचा एक कोपरा पाच ते सात मोकळा मागा, सेक्रेटरी कुरकुर करतीलच.