मूत्राशय, रक्तदाब आणि संडासाचं दार

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ फिरतो. मज्जारज्जूला इजा झालेला माणूस पाठीत बसवलेल्या विद्युतयंत्राच्या आधाराने चार पावलं टाकतो. बघून मलाही आनंद होतो. पण खाली 'आता व्हीलचेअर इतिहासजमा' असं लिहिलेलं दिसलं की राहवत नाही. 2004 साली अमेरिकेत किम अँडरसन या संशोधिकेने, ज्यांना स्वतःला ही इजा आहे, अशाच 681 जणांना विचारलं होतं: काय परत मिळालं तर तुमचं आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? मानेत इजा झालेल्यांनी सर्वांत आधी हात मागितले, कमरेखालचं बळ गेलेल्यांनी लैंगिक क्षमता. मूत्राशय आणि आतड्यांवरचा ताबा दोन्ही गटांना महत्त्वाचा वाटला.

मूत्राशयच का, हे कळायला शरीरातली एक विलक्षण घटना समजून घ्यावी लागते. इंग्रजीतलं तिचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जू तुटला आहे असं समजा. मूत्राशय काठोकाठ भरलं. त्याचा निरोप मज्जारज्जूतून वर निघतो, पण तुटलेल्या जागी अडतो, त्यामुळे माणसाला काहीच जाणवत नाही. निरोप मात्र वाया जात नाही. इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. तो अनुकंपी चेतातंतूंना, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या, आपोआप काम करणाऱ्या नसांना, चेतवतो आणि आतड्यांच्या, पायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आतड्यांच्या वाहिन्यांत भरपूर रक्त मावतं. त्या आकसल्या की ते रक्त वर ढकललं जातं आणि रक्तदाब चढतो. सहाव्या मणक्याचं महत्त्व यासाठीच: इजा त्याच्या बरीच खाली असेल, तर या वाहिन्यांची सूत्रं मेंदूच्याच हातात राहतात.

मानेतल्या धमन्यांमधले दाबमापक हे लगेच ओळखतात आणि मेंदू दोन हुकूम सोडतो. 'रक्तवाहिन्या सैल करा' हा हुकूम मज्जारज्जूतून खाली जातो आणि तुटलेल्या जागी थांबतो. 'हृदय सावकाश चालव' हा दुसरा हुकूम व्हेगस चेतेतून, म्हणजे मेंदूतून थेट हृदयाकडे जाणाऱ्या नसेतून, जातो. तिचा मार्ग मज्जारज्जूच्या बाहेरून असल्यामुळे तो पोहोचतो. म्हणून चित्र असं दिसतं: इजेच्या वर चेहरा लाल आणि घामाने निथळलेला, डोकं ठणकतंय, इजेच्या खाली कातडी फिकट, अंगावर काटा, आणि रक्तदाब चढलेला असूनही नाडी मंद. दोन शेजारी राज्यं, मधला पूल पडलेला. इंग्लंडमध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांचा वॉर्ड चालवणारे डॉक्टर ल्युडविग गुटमन आणि शरीरशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांनी 1947 मध्ये हे मूत्राशयाशी जोडून दाखवलं. मला हा शरीरशास्त्रातला सर्वांत सुंदर पुरावा वाटतो. हा प्रकार जिवावर बेतणारा आहे, हे मात्र विसरता येत नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

रुग्ण घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू होते. अशा माणसाचा वरचा रक्तदाब एरवी 90 ते 110 असतो. गावातल्या डॉक्टरांना 145 दिसतो, ते डोकेदुखीची गोळी देऊन आडवं व्हायला सांगतात. हे घातक आहे. नेहमीच्या आकड्यापेक्षा 20 ते 40 ने वाढ झाली तरी धोक्याची खूण समजायची. रक्त खाली उतरून दाब कमी व्हावा म्हणून ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे सैल करायचे, मूत्रनळी दुमडली आहे का बघायचं. पिशवी भरली असेल तर रिकामी करायची. नंतर शौच साचलंय का, कातडीला काही टोचतंय का, हे पाहायचं. पायाचं मांसात घुसलेलं नखसुद्धा हा प्रकार सुरू करू शकतं.

1972 मध्ये अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडेस यांनी दाखवलं की दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी, निर्जंतुक हातमोज्यांशिवाय नळी घालून मूत्राशय रिकामं करता येतं. त्यामुळे माणूस रुग्णालयाच्या खाटेवरून सुटला. त्याच वर्षी, 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धांत 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांचा उगमही गुटमनच्याच वॉर्डात.

नळी घालायला मात्र जागा लागते. व्हीलचेअरची रुंदी साधारण दोन फुटांहून थोडी जास्त. आपल्या घरांतली संडासाची दारं दोन-अडीच फुटांची आणि आत उघडणारी. सार्वजनिक इमारतींसाठी 90 सेंटिमीटर मोकळ्या रुंदीचं मार्गदर्शन आहे, 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही आहे, तरी लग्नाच्या हॉलमध्ये पायऱ्या आडव्या येतात. मग लोक पाणीच कमी पितात. त्यातून मुतखडे आणि संसर्ग होतात. संसर्गही वरचं चक्र पुन्हा सुरू करू शकतो.

मूळपेशींची महागडी इंजेक्शनं 'मज्जारज्जू जोडतो' म्हणून विकली जातात. आपल्याकडे चाचण्यांबाहेर त्यांना मान्यता नाही. त्याच पैशांत दार रुंद होतं, ते बाहेर उघडणारं करता येतं, भिंतीला दोन आडव्या दांड्या बसतात. आणि खिशात एक कार्ड राहतं: इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब आणि खाली ठळक अक्षरांत, 'मला आडवं करू नका.'