पिवळ्या रंगाखालचा हिरवा

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या जुन्या शक्तिमान ट्रकचा गंज खरवडायला घेतला. वरचा थर पिवळा. बाबांनी गाडीवर क्रेन बसवून ती घाटात कलंडलेले ट्रक ओढायला लावली, तेव्हाचा. त्याखाली लाल प्रायमर आणि त्याच्याही खाली, दाराच्या बिजागरीपाशी, लष्करी हिरवा. पुढच्या बंपरवर वायर ब्रश फिरवला तर वर टोक केलेला एक बाण उमटला.

हा बाण ब्रिटिशांचा. सरकारी शस्त्रागाराच्या मालावर ते तो उठवत, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराने गाड्यांच्या क्रमांकात तो कायम ठेवला. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात कधी आली ते वर्ष. बाण वाचता येऊ लागला की गोव्याच्या रस्त्यांवरून, खाणींवरून आणि गॅरेजांच्या मागच्या अंगणांतून किती लष्करी लोखंड फिरून गेले असेल, याचा विचार सुरू होतो. ते इथे का टिकले, याचे माझ्यापुरते उत्तर एकच आहे: गोव्यात खाणी होत्या, आणि खाणींनी माणसांना अवजड यंत्र दुरुस्त करायला शिकवले.

सुरुवात मात्र गोव्याबाहेर, दुसऱ्या महायुद्धात झाली. 1942 ते 1945 या काळात भारताच्या पूर्व भागात अमेरिकी आणि ब्रिटिश लष्कराची प्रचंड सामग्री उतरली. आसामातल्या लेडोपासून चीनमधल्या कुनमिंगपर्यंतच्या सुमारे 1,700 किलोमीटरच्या रस्त्याचा लेडोकडचा नवा भाग डोंगर कापून नेला तो बुलडोझरांनी. जीप या युद्धात 6 लाखांहून अधिक बनल्या, जीएमसीचे दहाचाकी अडीचटनी ट्रक 5 लाखांहून अधिक. कॅनडाने ब्रिटिश नमुन्याबरहुकूम बसक्या नाकाचे ट्रक काढले. त्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ते आपल्याकडे सर्वांत सोयीचे ठरले. युद्ध संपल्यावर हे सगळे जहाजावर चढवून परत नेण्यात काही अर्थ नव्हता. मे 1946 मध्ये अमेरिका आणि भारत सरकार यांच्यात युद्धातल्या देण्याघेण्याचा आणि उरलेल्या मालाचा करार झाला, आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द आपल्या भाषांत आला तो कायमचाच. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलचे बूट.

जीपचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. महिंद्राने विलीज जीपची जुळणी इथेच सुरू केल्यामुळे जुन्या लष्करी जीपला सुटे भाग मिळत राहिले. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीप नव्याने बांधून विकण्याचा धंदाच उभा राहिला. डोझरांची, म्हणजे पुढे पाते लावलेल्या साखळीच्या ट्रॅक्टरांची, गोष्ट कमी सांगितली जाते. अमेरिकी लष्कराने मागे ठेवलेल्या ट्रॅक्टरांवर केंद्र सरकारची मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, आणि कांस गवताने खाल्लेली उत्तर आणि मध्य भारतातली जमीन नांगरायला ती यंत्रे जुंपली गेली. 1949 मध्ये जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी 1 कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि नवे ट्रॅक्टर आले. युद्धासाठी बनलेले यंत्र शांततेच्या कामाला लागल्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

या सगळ्यात गोवा कुठे होता? पोर्तुगीजांकडे. त्यामुळे डिस्पोजलच्या त्या पहिल्या लाटेच्या काळात मधे सरहद्द होती. एक गोष्ट मात्र आधीच जुळलेली होती. पोर्तुगालने 1928 मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्याने शेजाऱ्यांना धरून डावीच ठेवली. पुढे सरहद्द उघडल्यावर उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या इथे आल्या त्या काहीही न बदलता.

गोव्यात अवजड यंत्र आले ते खाणीतून. 1906 च्या पोर्तुगीज खाण कायद्याखाली इथे खाणपट्टे दिले जात होते, पण दीर्घकाळ काम हाताने चाले. पहार, घण, आणि बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे झाले. 1951 मध्ये शिरगावच्या खाणीसाठी जपानी पोलाद कंपनीने यंत्रे उधारीवर दिली आणि खनिजातून ती फेडून घेतली. युद्धानंतर परदेशी खाणीत जपानने गुंतवलेला हा अगदी सुरुवातीचा पैसा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत मग डोझर, शोवेल आणि टिपर आले, आणि मांडवी-जुवारीवर खनिज वाहणाऱ्या होड्या, बार्जी. शेतकऱ्याची, पाड्यावरच्या सुताराची, लोहाराची मुले ग्रीसमध्ये हात घालू लागली.

18 आणि 19 डिसेंबर 1961 रोजी भारतीय लष्कर गोव्यात आले. माघार घेताना पोर्तुगीजांनी बाणस्तारी आणि बोरीचे पूल उडवले होते, त्यामुळे रणगाड्यांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व नदी ओलांडून देणाऱ्या इंजिनिअर तुकड्यांच्या सामानाला आले. बेतीच्या किनाऱ्याला 18 तारखेच्या संध्याकाळी लष्कराची एक तुकडी पोहोचली. पलीकडे पणजी, मधे मांडवी. घरातली म्हातारी माणसे त्या दिवसांबद्दल बोलताना सैनिकांइतकेच गाड्यांबद्दल बोलत. आमच्या आजीला त्या हिरव्या ट्रकांची संख्या कधी सांगता आली नाही, आवाज मात्र आठवत असे.

आता थोडे लष्कराच्या हिशेबाबद्दल. चिलखती वाहने ‘ए’, साधे ट्रक-जीप ‘बी’, आणि डोझर, ग्रेडर, क्रेन यांसारखी कामाची यंत्रे ‘सी’ अशी तिथली विभागणी. आपल्यासारख्याच्या हाती येतात ती बी आणि सी. शक्तिमान हा बी वर्गातला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तो जबलपूरला 1959 पासून 1996 पर्यंत बनत राहिला. त्याच जबलपूरहून निसानच्या परवान्यावर वनटन ट्रक आणि जोंगा आले. जोंगा म्हणजे निसान पॅट्रोल या जीपसारख्या गाडीचाच देशी अवतार, आणि नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीच्या आद्याक्षरांचे. नंतर लेलँडच्या स्टॅलियनने शक्तिमानची जागा घेतली आणि जुने ट्रक लिलावात येऊ लागले. सी वर्गात 1964 मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्सचे डोझर आले, तेही जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने.

गोव्याच्या दृष्टीने कळीची गोष्ट इथे आहे. लष्कराचा डोझर आणि खाणीचा डोझर मुळात एकाच घराण्यातले. ज्याने खाणीवर कोमात्सूचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे साखळी फिरवणारा शेवटचा गिअर, उघडला, त्याला लष्कराच्या लिलावातून आलेल्या डोझरपुढे बावरायचे कारण नव्हते. ट्रकचेही तेच. म्हणून जे यंत्र दुसऱ्या गावी नुसते भंगार ठरले असते, ते डिचोली-फोंड्याकडे उभे राहिले.

आमच्या मेस्तांनी, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादांनी, 30 वर्षे खाणीवर काढली. त्यांच्याकडे पान्यांच्या तीन पेट्या. अमेरिकी यंत्राचे आटे इंचातले पण एका जातीचे, जुन्या ब्रिटिश यंत्राचे इंचातलेच पण व्हिटवर्थ जातीचे, आणि जर्मन-जपानी यंत्रांचे मिलिमीटरमधले. बोलताना ते सगळे सुतात सांगत: आठ सूत म्हणजे एक इंच. ‘साडेचार सुती दे’ म्हटले की नऊ सोळांशाचा पाना द्यायचा. जवळपास बसतो म्हणून चुकीचा पाना लावला की नटाची कड जाते, आणि 40 वर्षांच्या गाडीचा तसा नट कुठल्या दुकानात मिळत नाही. हे मी एकदा करून बसलो आहे.

साखळीच्या यंत्राचा जीव त्याच्या पायांत असतो. चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट यांवर डोझरच्या आयुष्यातला दुरुस्तीचा निम्मा खर्च जातो असे मेस्त सांगत. चेनच्या कड्या जोडणारे पिन आणि त्यांवरचे बुश एकाच बाजूने झिजतात. ती झीज वेळेत ओळखली तर ते प्रेसवर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठोकता येतात आणि न झिजलेली बाजू कामाला येते. उशीर केला तर बुश फुटतो आणि मग फिरवायलाही काही उरत नाही. गोव्याची तांबडी माती आणि खनिजाची धूळ काचकागदासारखी लोखंड खाते, म्हणून इथल्या माणसाला ही झीज बोटाने चाचपून कळते. जुन्या कॅटरपिलरमध्ये तर डिझेल इंजिन सुरू करायला शेजारी एक छोटे पेट्रोल इंजिन असे. आधी ते चालू करायचे, त्याने मोठे इंजिन फिरवायचे. पुढचे पाते तारेच्या दोराने उचलले जाई आणि खाली जाई ते स्वतःच्या वजनाने. हायड्रॉलिकवर वाढलेल्या ऑपरेटरला त्यावर बसवले तर पाते दाबायला तो दांडा शोधत राहतो.

लष्करी गाडीचे दुखणे वेगळे. ती चाललेली कमी आणि उभी राहिलेली जास्त असते. मीटर पाहून गिऱ्हाईक खूश होते, पण उभ्या गाडीची ऑइल सील वाळतात, ब्रेकची रबरे ताठरतात, डिझेलची टाकी आतून गंजते. त्यावर आपली खारी हवा आणि साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस. चाकांबद्दल एवढे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही: रिंग असलेल्या किंवा दोन पाळ्या बोल्टने जोडलेल्या जुन्या लष्करी चाकाला, व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री केल्याशिवाय हात लावू नये. भरल्या चाकाचे नट सोडताना लोखंडी रिंग उडून माणसे मेली आहेत.

जो भाग मिळत नाही तो घडवावा लागतो. त्यासाठी गोव्याची गाडी घाट चढते. चोर्ल्याने बेळगावला, उद्यमबागेतल्या ओतशाळांकडे, किंवा कोल्हापूरला. जुना तुटका भाग पोत्यात बांधून न्यायचा, त्यावरून साचा करायचा, ओतायचा, लेथवर घ्यायचा. हे जाळे नसते तर इथली एकही जुनी गाडी चालली नसती.

कागदांचा इतिहास वेगळा, आणि नवशिके फसतात ते तिथेच. लष्करातली गाडी मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 60 खाली नोंदलेली असते. ती लष्करातून गेली की ती नोंद संपते आणि सामान्य माणसासारखी नवी नोंदणी करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 47 प्रमाणे त्यासाठी संबंधित अधिकाऱ्याचे फॉर्म 21 मधले मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. पूर्वी हे लिलाव मैदानात, बोली पुकारून होत. आता सरकारी एमएसटीसीच्या संकेतस्थळावर होतात. अट तीच, ‘जसे आहे, जिथे आहे’. हे मूळ प्रमाणपत्र, बोलीभाषेतले सेल लेटर, हाती नसेल तर गाडी कितीही ठणठणीत असो, ती रस्त्यावर येत नाही. हातोहात चार मालक फिरलेल्या जोंगाचा कागद शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत. साखळीचे यंत्र तर रस्त्याने जातच नाही, ते लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, चढवून न्यावे लागते.

जोंगाचे मूळ इंजिन जवळजवळ 4 लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. परवडत नाही म्हणून पुष्कळांनी त्यात डिझेल इंजिन बसवले. त्याच कायद्याच्या कलम 52 मुळे असे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबद्दल कडक भूमिका घेतली. उलट 2021 च्या जुलैत 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या बिनव्यापारी दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आला. पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये. महायुद्धातल्या जीपवाल्याला त्याचा आधार आहे. दहाचाकी जीएमसीवाल्याला नाही.

खाणींचे पुढचे सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. मधे ते सुरू झाले, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर 16 मार्च 2018 पासून पुन्हा बंद झाले. नदी आणि शेते वाचवायला आवर घालणे गरजेचेच होते, हे डिचोलीच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पण त्याच काळात टिपर अंगणात उभे राहून सडले, डोझर किलोच्या भावाने गेले, आणि मेस्तांच्या हाताखालची पोरे कुणी आखातात, कुणी टॅक्सीवर गेली. पिन-बुश फिरवणारे प्रेस आमच्या टापूत होते, तेही भंगारात निघाले. आता चेन उतरवली की बेळगाव.

इकडे हौशी मंडळी मात्र वाढली आहेत. 2014 पासून पावसाळ्यात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातल्या गाड्यांची स्पर्धा भरू लागली, विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारे यंत्र, लावून गाड्या ओढल्या जाऊ लागल्या, आणि लष्करातून निघालेल्या जिप्सींना मागणी आहे. ही मुले मेस्तांकडे येतात, तेव्हा ते आधी गाडी बघत नाहीत, सेल लेटर मागतात.

आमच्या शक्तिमानला पुन्हा मूळचा हिरवा द्यावा असे मनात फार होते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमाप्रमाणे तो रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांचा. म्हणून बंपरवरचा बाण घासून काढला आणि मेच्या अखेरीस, पाऊस लागायच्या आत, गाडीला पुन्हा पिवळा मारला. दाराच्या आत, बिजागरीपाशी, वीतभर जागा मेस्तांनी ब्रश फिरवू दिला नाही. तिथे नुसते वार्निश लावले आहे.