मुलींची आक्रमकता: उशिरा पडलेली नजर

बालगुन्हेगारीवरचे जुने गाजलेले अभ्यास चाळले, तर मुली जवळपास भेटतच नाहीत. शेल्डन आणि एलेनॉर ग्लुक यांनी १९५० साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५०० गुन्हेगार मुलगे होते आणि तुलनेला घेतलेले ५००, तेही मुलगेच. १९६१मध्ये दक्षिण लंडनमध्ये सुरू झालेल्या अभ्यासातले ४११ जणही मुलगेच. आक्रमकता म्हणजे मारामारी, असं धरूनच चाललं की दुसरं काय हाती लागणार?

फिनलंडमध्ये मानसशास्त्रज्ञ किर्स्टी लागेरस्पेट्झ, काई ब्यर्कक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना साधा प्रश्न विचारला: तुमच्या वर्गातली ही किंवा हा रागावला की काय करतो? १९८८मध्ये उत्तरं छापून आली. कान भरणं, सूड म्हणून दुसऱ्या कुणाशी मैत्री जोडणं हे मुलींच्या बाबतीत जास्त आढळलं. १९९५मध्ये अमेरिकेत निकी क्रिक यांनी नात्यांनाच हत्यार करणाऱ्या या वागण्यावर स्वतंत्र काम मांडलं. त्यावरून ‘मुली आतल्या गाठीच्या’ असा सूर निघाला खरा. पण २००८मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या बाबतीत मुलगे-मुलींतला फरक नगण्य निघाला.

दूरगामी परिणामांचं मोलाचं काम मात्र त्याआधीच, १९७६मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलच्या फ्रेंच शाळांत सुरू झालं होतं. मुलांच्या हाती वर्गातल्या नावांची यादी द्यायची आणि विचारायचं, यातलं भांडण कोण उकरून काढतं? मुलींची नावं वेगळी, मुलग्यांची वेगळी. मला यातली खरी हुशारी इथेच वाटते. मुलीची तुलना मुलींशीच झाली, म्हणून आक्रमक मुली मुळात दिसल्या. सतराशेहून अधिक मुलांचा माग पुढे कित्येक वर्षं काढला गेला. आक्रमक ठरलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी अभ्यासात मागे पडल्या, शाळा सोडून बसल्या. किशोरवयात आई होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. त्यांच्या मुलांना दुखापतींसाठी दवाखान्यात जास्त वेळा न्यावं लागलं. अर्थात, सगळा दोष स्वभावावर ढकलता येत नाही. अर्धवट शिक्षण आणि गरिबी वाटेत होतीच.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये १९८७ साली असाच मोठा अभ्यास सुरू झाला, तोही फक्त मुलग्यांचा. त्याच शहरात पाच ते आठ वर्षांच्या २,४५१ मुलींचा नंबर लागला तो २०००मध्ये.