रेड वाइनचे आस्वादन

रेड वाइन नजरेने, नाकाने आणि जिभेने पारखत सावकाश पिण्याची रीत. मुंबईत ‘वाइन शॉप’ची पाटी असलेल्या दुकानात बहुतेक गिऱ्हाईक बिअर नाहीतर क्वार्टर मागते. तरी 1999 मध्ये नाशिकला सुला या वाइन कंपनीची स्थापना झाली, 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले आणि शिराझ, कॅबर्ने ही वाइनच्या द्राक्षांची नावे शहराच्या तोंडी रुळली.

काळ्या द्राक्षांचा रसही बहुधा रंगहीनच असतो. लाली सालींतून उतरते. पेला तिसरा हिस्साच भरावा आणि पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. काठाशी कोवळी वाइन जांभळट दिसते, मुरलेली विटकरी. मग पेला गोल फिरवून वास घ्यावा. घोट तोंडात असताना थोडी हवा आत ओढतात, बशीतल्या चहाचा भुरका मारावा तशी. एरवी चारचौघांत असभ्य ठरणारी ही गोष्ट इथे कामाची, कारण चवीचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वासच असतो. सर्दी असेल तर बाटली उघडू नये.

पारखायचा मुख्य गुण तुरटपणा. साली, बिया आणि लाकडी पिंपातून आलेले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरते. ओलावा असूनही जीभ खरखरीत होते. जांभळे, आवळा, सुपारी खाल्लेल्या तोंडाला हे शिकवावे लागत नाही. परदेशी वर्णनांतले ब्लॅककरंट हे फळ मुंबईत ताजे चाखलेय कोणी? त्यापेक्षा शिराझमध्ये काळी मिरी हुंगावी. ही नुसती उपमा नाही: रोटंडोन हे गंधद्रव्य दोहोंत सापडते.

‘रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला थंड युरोपीय घरांचा. रेड वाइनला साधारण 15 ते 18 अंश सेल्सिअस मानवते. मे महिन्यातल्या मुंबईत खोलीच तिशीपार असते आणि नाकाला आधी अल्कोहोलचा भपका लागतो. बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. फार गार केली तर मात्र वास दबतो, तुरटपणा बोचतो.

पावसाळ्यात बंद कपाटाला येतो तसा कुबट वास पेल्यातून आला, तर दोष बुचाचा असण्याची शक्यता मोठी.

मटणाशी तुरटपणा निवळतो, मिरचीने वाइन जहाल लागते. तळलेल्या बोंबलांबरोबर रेड घेऊ नये. वाइनमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात उलटतो.