टॅपेट कव्हरमधून ऑइल येतंय: पॅकिंग बदलायचं, कव्हर बदलायचं की थांबायचं?

सर्व्हिसिंगच्या वेळी बॉनेट उघडून मेकॅनिक इंजिनाच्या वरच्या कव्हरच्या कडेने बोट फिरवतो आणि बोटाला लागलेलं काळं ऑइल तुम्हाला दाखवतो. त्यावर बहुतेक ग्राहक विचारतात, "हे आत्ताच करायला हवं का?" प्रत्येक गाडीला याचं उत्तर वेगळं असतं. ऑइल किती येतं यापेक्षा ते कुठे जाऊन पडतं, हे आम्ही आधी बघतो. आमची ही विचार करण्याची पद्धत तुम्हालाही माहीत असावी, म्हणून हे पत्रक काढलं आहे. आम्ही काम सुचवलं तर ते का, हे तुम्हाला पडताळता यायला हवं. थांबा म्हटलं तर त्याचंही कारण तुमच्याकडे असायला हवं.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या हेडवरचं (सिलिंडरांच्या वरच्या भागावरचं) झाकण. त्याच्याखाली कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हची यंत्रणा सतत ऑइलने भिजलेली असते. झाकण आणि हेड यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग बसवलेलं असतं, जुन्या इंजिनांत कॉर्कचं. चालत्या गाडीत ऑइल साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं आणि गाडी बंद केल्यावर पुन्हा थंड होतं. वर्षानुवर्षं असं तापून-निवून रबर कडक होतं आणि दबून चपटं राहतं. मग बोल्ट घट्ट असले तरी कडेने ऑइल झिरपायला लागतं.

अशा वेळी "जरा बोल्ट आवळून द्या" असं बरेच जण सांगतात. ते आम्ही सहसा करत नाही. या बोल्टना फार कमी ताण लागतो, अनेक गाड्यांत 8 ते 12 न्यूटन मीटरच्या आसपास. त्याहून जास्त आवळलं तर पत्र्याचं कव्हर बोल्टच्या भोकांपाशी दबतं, प्लास्टिकच्या कव्हरला तडा जातो, नाहीतर हेडमधले अॅल्युमिनियमचे आटे निघून येतात. कडक झालेलं रबर काही त्यामुळे पुन्हा मऊ होत नाही. एखादा बोल्ट खरोखरच ढिला सापडला, तर तेवढा मापात बसवतो.

गळती नक्की कुठली?

ऑइल खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे खालून पाहिलं की ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) गळतंय असं वाटतं, आणि मूळ मात्र वर टॅपेट कव्हरला असतं. ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधायचा, हा आमचा नियम. इंजिन मळकट असेल तर तो बिंदू दिसत नाही. म्हणून आधी ती बाजू स्वच्छ करून देतो आणि काही दिवस गाडी चालवून परत आणायला सांगतो. तरीही शंका राहिली तर ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली माग काढता येतो.

नुकतंच ऑइल बदललं असेल तर आधी ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर पाहावा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसला, तरी ऑइल गळतं. बदलताना ऑइल ओतलं गेलं आणि पुसायचं राहिलं, असंही असू शकतं. ही शंका मिटेपर्यंत पॅकिंगचं काम करून घेऊ नका.

कधी थांबता येतं?

कव्हरच्या कडेला धूळ चिकटून काळी पट्टी झाली आहे, पण जमिनीवर थेंब नाही, जळका वास नाही आणि डिपस्टिकवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये फारशी उतरत नाही, अशा गाडीला आम्ही थांबायला सांगतो. फक्त पातळीवर लक्ष हवं. गाडी सपाट जागेवर उभी करायची, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहायची. बऱ्याच कारमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण 1 लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेकडे सरकायला लागली की थांबण्याची मुदत संपली असं समजा.

कधी थांबू नये?

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) ऑइल पडत असेल तर थेंब कितीही छोटा असो, काम लगेच करा. चालत्या गाडीत मॅनिफोल्ड काहीशे अंश तापतो, आणि इंजिन ऑइल साधारण 200 ते 250 अंशांच्या दरम्यान पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. सिग्नलला उभं असताना एसीच्या हवेतून जळका वास येणं किंवा बॉनेटच्या कडेने निळसर धूर दिसणं, ही त्याची खूण. अशा गाडीने लांबचा प्रवास करू नका.

दुसरी जागा म्हणजे स्पार्क प्लगच्या विहिरी. अनेक पेट्रोल इंजिनांत प्लग कव्हरच्या मधोमध असलेल्या नळ्यांत बसतात आणि त्या नळ्यांना वेगळे गोल सील असतात. ते सील गेले तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, आणि आत विहिरीत ऑइल साचत जातं. प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलची रबरी टोपी ऑइलने फुगते, ठिणगी भलतीकडे जाते, इंजिन मिसफायर करतं, म्हणजे अडखळत चालतं. कॉइल उपसून तिचं टोक पाहिलं की लगेच कळतं: कोरडं असायला हवं, ते ऑइलने चकाकत असतं. अशा वेळी नुसते कॉइल बदलून उपयोग नाही, नवेही तसेच खराब होतात.

तिसरी जागा रबराची. टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा), फॅनबेल्ट, इंजिन माउंटिंग यांवर ऑइल मुरलं की त्यांचं आयुष्य घटतं. बेल्टचं टायमिंग असलेल्या इंजिनात हे अजिबात टाळू नका, कारण बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

पॅकिंग की अख्खं कव्हर?

याचा निर्णय कव्हर काढल्यावरच होतो. म्हणून आम्ही सुरुवातीला पॅकिंगचा अंदाज देतो आणि कव्हर खराब निघालं तर पुढे हात लावण्याआधी तुम्हाला फोन करतो. शक्य असेल तर येऊन स्वतः पाहा.

काढलेलं पॅकिंग हातात घेऊन वाकवा. रबर अजून लवचीक असेल तर दोष कदाचित कव्हरमध्ये किंवा बसवण्यात आहे. ते कडकन तुटलं, किंवा त्याची गोलसर कड दबून सपाट झालेली दिसली, तर दोष पॅकिंगचाच, आणि बहुतेक गाड्यांचं काम तेवढ्यावर भागतं.

मग कव्हर धुऊन उलटं ठेवतो आणि त्याच्या कडेवर सरळ स्टीलची पट्टी धरून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट तपासतो. प्लास्टिकची कव्हरं उष्णतेने वाकतात, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूला. वाकलेल्या कव्हरवर नवं पॅकिंग घातलं तर काही महिन्यांत तीच तक्रार घेऊन तुम्ही परत याल, म्हणून तिथे कव्हर बदलायचाच सल्ला देतो. बोल्टच्या भोकाजवळ केसासारखी बारीक तडसुद्धा तेवढीच वाईट. पत्र्याचं कव्हर थोडं दबलं असेल तर ठोकून सरळ करता येतं. अॅल्युमिनियमचं बहुधा वाचतं.

काही इंजिनांत कव्हरच्या आतच पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनात साचणारा वायू बाहेर काढणाऱ्या झडपेचा) पडदा बसवलेला असतो. तो फाटला की आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन चालू असतं तेव्हा) शिट्टीसारखा आवाज येतो, आयडलिंग वरखाली होतं आणि ऑइल कॅप ओढून धरल्यासारखी घट्ट बसते. नुसता पडदा मिळत नसेल तर कव्हर बदलण्यावाचून इलाज नाही. प्लगच्या नळ्यांचे सील कव्हरमध्येच कायमचे बसवलेले असले, तरी तसंच.

पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरचा पाइप वेगळा असेल तर आम्ही तो प्रत्येक वेळी तपासतो. तो तुंबला की इंजिनातला दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. ते कारण तसंच ठेवून कितीही चांगलं पॅकिंग बसवलं तरी टिकणार नाही. पॅकिंग नवं असूनही गळती सुरू असलेली गाडी आमच्याकडे आली तर पहिली तपासणी याचीच होते.

पॅकिंग स्वतः स्वस्त असतं, खर्च होतो तो मजुरीत. काही इंजिनांत कव्हरपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) उतरवावा लागतो. एवढं उघडलंच आहे तर नळ्यांचे सील बदलून घ्या, आणि प्लगची मुदत जवळ आली असेल तर तेही.

सिलिकॉन (गळती अडवणारी पेस्ट) आम्ही फक्त टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचं झाकण) आणि हेड जुळतात त्या कोपऱ्यांत लावतो, जिथे कंपनीने सांगितलं असेल तिथे. कडेने सगळीकडे थापलं तर आतल्या बाजूला आलेले तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. सिलिकॉन सुकायला वेळ लागतो, म्हणून अशी गाडी संध्याकाळी घाईने परत मागू नका.

गळती थांबवणारी औषधं ऑइलमध्ये घालून काही सील थोडे दिवस फुगतात, पण चिरलेलं पॅकिंग किंवा वाकलेलं कव्हर त्यांनी दुरुस्त होत नाही. आम्ही ती वापरत नाही.

हेड गॅस्केटचं (हेड आणि त्याखालचा इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचं) काम याहून अगदी वेगळं आणि मोठं आहे. कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा इंजिन गरम होत असेल, तर गाडी चालवत आणू नका, उचलून आणा.

काम झाल्यावर पहिले काही दिवस मॅनिफोल्डवर राहिलेलं जुनं ऑइल जळून थोडा वास येऊ शकतो. तो रोज कमी व्हायला हवा. आठवड्यानंतरही येत असेल, किंवा कव्हरची कड बोटाला ओली लागली, तर इंजिन न धुता तसंच घेऊन या, म्हणजे ऑइलचा माग आम्हाला दिसेल.