जुन्या गाडीचे सुटे भाग : डबा पाहू नका, माप पाहा

फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, विलीज जीप, स्टँडर्ड हेराल्ड, काँटेसा, पहिल्या वर्षांतली मारुती ८००. अशा गाड्यांची माणसं आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गाळ्यात येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अलीकडे बदलला आहे. पूर्वी विचारायचे, "ओरिजनल मिळेल का?" आता विचारतात, "अजून किती वर्षं मिळेल?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं फोनवर नीट देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक छापलं आहे. ऑर्डर देण्याआधी एकदा वाचा. तुमचे पैसे वाचतील आणि आमचा वेळ.

माल आटला कशामुळे?

बरेच जण याचं खापर इलेक्ट्रिक गाड्यांवर फोडतात. ते अर्धंच खरं आहे.

प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे आपल्या फियाटचं, उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी पुढे वीस वर्षं तिचा क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, हेड गॅस्केट कुठल्याही बऱ्या दुकानात मिळत होता. ही कृपा आपल्यासारख्या हौशी मालकांची नव्हती, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची होती. दिवसरात्र पळणारी टॅक्सी सुटे भाग खाते, आणि खाणारा असला की बनवणाराही टिकतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती, म्हणजे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर साचे ठेवून काय करायचं, असं म्हणून लहान कारखानदारांनी ते भंगारात काढले. अ‍ॅम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबलं, आणि कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीही वयापायी वर्षागणिक कमी होत आहेत. तिथेही हेच होणार.

कार्बोरेटरचं दुखणं वेगळं. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, दुचाकींनाही कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन बसलं, आणि जेट, फ्लोट, नीडल बनवणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक एका झटक्यात गेलं. यात बॅटरीवरच्या गाड्यांचा काही दोष नाही.

इलेक्ट्रिकचा खरा परिणाम आता कुठे दिसू लागला आहे, आणि कोल्हापुरात तो आम्हाला जवळून दिसतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांमध्ये इंजिनाचे ब्लॉक, हेड, हाउसिंग ओतले जातात. विजेच्या गाडीला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे नवीन यंत्र घेताना फाउंड्रीवाला आता पंप, ट्रॅक्टर आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचा विचार आधी करतो. तुमच्या गाडीचे दहा वॉटर पंप त्याच्याकडून आजही ओतून मिळतात, कारण वाळूच्या साच्यात गाभा बसवणारा जुना मोल्डर अजून कामावर आहे. तो निवृत्त झाल्यावर दहा नगांसाठी कोण थांबेल, हे तुम्हीच ठरवा.

आधी काय घेऊन ठेवायचं

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. जे भाग फक्त पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला लागतात, ते आधी गोळा करा : पिस्टन, रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, वॉटर पंप, क्लच, रेडिएटरचा कोर, कार्बोरेटरचं किट, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप आणि रोटर. ब्रेकचं सामान, व्हील बेअरिंग, काच, बल्ब, १२ व्होल्टची बॅटरी यांची घाई नको. विजेच्या गाडीलाही चाक आणि ब्रेक असतातच, त्यामुळे हे बनवणारे कारखाने कुठे जात नाहीत. हुबेहूब तुमचाच भाग नसला तरी मापाचा मिळतो.

पिस्टन घेण्याआधी मात्र ब्लॉक मोजून घ्या. दर आठवड्याला कुणीतरी स्टँडर्ड साइझचा सेट स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन येतो, आणि ब्लॉक आधीच वीस थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, बोअर करून रुंदावलेला निघतो. पद्मिनीचा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक ७५, त्यावरून १०८९ सीसी. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचा बोअर ७३.०२५ मिमी, म्हणजे दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच, आणि इंजिन १४८९ सीसी. तुमच्या ब्लॉकचा आकडा यापेक्षा किती पुढे गेला आहे, ते बोअर गेजने मोजायला पंधरा मिनिटं लागतात.

अ‍ॅम्बॅसिडरवाल्यांसाठी एक बरी बातमी. तुमचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं आहे, आणि त्याच मापाचं इंजिन एमजीए १५०० या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्ये होतं. त्या गाडीचे शौकीन भरपूर, त्यामुळे इंग्लंडमध्ये गॅस्केट, व्हॉल्व्ह, गाईड आजही नवे बनतात. सगळं जसंच्या तसं बसेल असं नाही. जुना भाग शेजारी ठेवून बघावाच लागतो. कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरलं की किंमत डोळ्यांत पाणी आणते, हेही आधीच सांगतो. लंडनचा भाचा गणपतीला येताना गॅस्केट सेट बॅगेत घालून आणेल, पण ब्लॉक आणणार नाही.

"न वापरलेला जुना माल" : मोह आणि धोका

पुण्याचा जुना बाजार, नाना पेठेतली दुकानं, मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट. इथे अजूनही चाळीस वर्षांपूर्वीचा सीलबंद माल हाती लागतो. पिवळा पडलेला डबा, आत मेणकागद, त्यात ग्रीस लावलेला भाग. आम्हालाही तो बघून भरून येतं. पण मेणकागदात काय आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

लोखंड, पोलाद, पितळ असेल तर बिनधास्त घ्या. गिअर, शाफ्ट, रॉकर, कंपनीचे जुने पिस्टन हे आजच्या लोकल मालापेक्षा सरस असतात. रबर असेल तर मात्र डबा शोकेसमध्ये ठेवा. रबर वापरल्याने जितकं खराब होतं तितकंच पडून राहिल्यानेही होतं. आमच्या एका गिऱ्हाइकाने असाच सीलबंद डब्यातला ब्रेकच्या व्हील सिलिंडरचा रबरी कप स्वतः बसवला. गावात दोन महिने ब्रेक छान लागले. आंबा घाट उतरताना पेडल तळाला टेकलं. हँडब्रेक आणि गिअर यांच्यावर गाडी थांबली म्हणून ही गोष्ट आम्ही सांगू शकतो. तेव्हापासून ब्रेकचं जुनं रबर आम्ही विकत नाही आणि बसवूनही देत नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो. टायरलाही हाच नियम. त्याच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. डबा सापडला तरी घेऊ नका, आणि ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने कधीच उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

इग्निशनच्या कंडेन्सरच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. नव्या बाजारातले कंडेन्सर इतके लवकर मरतात की आम्ही जुना, तपासलेला असला तर तोच देतो, आणि सोबत एक जास्तीचा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायला सांगतो.

आकडा वाचायला शिका

गाडीच्या नावाने भाग मागितला की दुकानदार गाडीची किंमत लावतो. आकड्याने मागितला की लोखंडाची लावतो. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिमी, मग ते फियाटचं असो की पिठाच्या गिरणीचं. ऑइल सीलवर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते लिहून आणा. अनेकदा "मिळतच नाही" म्हणून सहा महिने शोधलेला सील आमच्या खणात ट्रॅक्टरच्या नावाने पडलेला असतो.

बोल्टच्या आट्यांकडे विशेष लक्ष द्या. फियाटचं घराणं इटालियन, तिच्या आट्या मेट्रिक. अ‍ॅम्बॅसिडर आणि जीप इंची. पाच सोळांश इंचाचा बोल्ट आणि ८ मिमीचा बोल्ट हाताला सारखेच लागतात, कारण फरक अवघ्या ०.०६ मिमीचा आहे. पण आटी वेगळी. चुकीचा बोल्ट दोन फेरे गुमान जातो, मग घट्ट होतो, आणि मिस्त्री "गंज आहे" म्हणून पान्याला पाइप लावतो. पुढचं काम आमच्याकडे येतं. आम्हाला त्याचे पैसे मिळतात, पण मजा येत नाही.

जो भाग कुठेच नाही तो आम्ही ओततो

वॉटर पंपची बॉडी, थर्मोस्टॅट हाउसिंग, मॅनिफोल्ड, इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट ही कामं आम्ही पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा काढायचा नमुना, करून घेतो. लोक विचारतात, जुना भागच वाळूत दाबून साचा का नाही काढत? सुरुवातीला आम्हीही तेच केलं आणि एक अख्खी खेप भंगारात घातली. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, अ‍ॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. म्हणजे २०० मिमी लांबीला दोन मिमी गेले, आणि बोल्टची भोकं जुळेनात. शिवाय मशीनने कापायला जास्तीची जाडी लागते, ती जुन्या भागात कुठून असणार? पॅटर्नवाल्याकडे यासाठी वेगळी फूटपट्टी असते, तिचे मिलिमीटर मुळातच किंचित मोठे. आता स्कॅन करून प्लास्टिकचा पॅटर्नही छापून मिळतो. एक-दोन नगांना तो परवडतो, पण गंजलेल्या भागाचा स्कॅन म्हणजे गंजाचाच पॅटर्न, त्यामुळे मापं हाताने दुरुस्त करावीच लागतात.

पॅटर्नचा खर्च एकच असतो, नग एक काढा की वीस. म्हणून त्याच मॉडेलचे पाच-सात मालक एकत्र आलात तर प्रत्येकाला हलकं पडतं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगऐवजी हे विचारून बघा. पॅटर्न आम्ही तुमच्या नावाने जपून ठेवतो.

एक गोष्ट आम्ही ओतत नाही : स्टीअरिंगचे आर्म, स्टब अ‍ॅक्सल, सस्पेन्शनचे हात. हे घडीव पोलादाचं काम आहे. ओतीव भाग दिसायला तसाच असतो आणि खड्ड्यात तुटतो. कुणी "बनवून देतो" म्हणालं तर आधी ओतीव की फोर्ज केलेला, एवढं विचारा.

पंपावरचं पेट्रोल बदललंय

विजेच्या गाड्यांची चर्चा ऐकताना आपल्या टाकीत काय पडतंय इकडे दुर्लक्ष होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं किंवा भेगाळतं, टाकीतला जुना चिकटा सोडवून जेटमध्ये आणतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवाल तर दसऱ्याला गाडी सुरू होणार नाही. भरून ठेवा, नाहीतर पूर्ण उपसा.

पेट्रोलचा पाइप मीटरवर मिळणारा साधा घेऊ नका. आतून फ्लुओरो-रबरचा थर असलेला मागा. त्यावर "३०आर९" असा शिक्का असतो. दुप्पट-तिप्पट महाग पडेल, पण गरम मॅनिफोल्डवर गळणारं पेट्रोल त्याहून महाग पडतं. एसी पंपचा (इंजिनावरच्या पेट्रोल पंपचा) पडदाही इथेनॉलला टिकणारा हवा. या पेट्रोलवर इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. गाडी धक्के देत असेल, प्लग पांढरे पडत असतील तर मेन जेट एक नंबर मोठं करून बघू.

देशभरातून शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, तेव्हापासूनचा एक जुना हिशेब अनेक अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बाकी आहे. तिचं हेड बिडाचं, आणि व्हॉल्व्हच्या सीट त्याच बिडात कापलेल्या. शिसं त्या सीटना गादीसारखं होतं. हेड उतरवलंच असेल तर कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या. कामाचं काम त्याच उघडझापीत होतं.

कागदपत्रं आणि इलेक्ट्रिक किट

५० वर्षांपेक्षा जुनी, खासगी आणि मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला "व्हीए" अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणून त्या वाटेला जाणार असाल तर आम्हाला आधी सांगा. चांगला म्हणून वेगळ्या गाडीचा कार्बोरेटर बसवण्याऐवजी मूळचाच दुरुस्त करू. ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो, आणि ते आरटीओला कळवून पुस्तकावर चढवावं लागतं. पंच करून नंबर "जुळवून देणारे" लोक आहेत. तसं काम घेऊन आमच्याकडे येऊ नका.

काही जण विचारतात, इंजिनच काढून मोटर बसवली तर? कायद्याने बंदी नाही, पण किट पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि आरटीओची नोंद हवी. आमचं मत विचाराल तर गंजून इंजिन गेलेल्या, कागदावर फारशी किंमत नसलेल्या गाडीला ते चालेल. ज्या फियाटचं मूळ इंजिन अजून श्वास घेतंय तिचं ते काढायला आमचा हात धजत नाही. तरी काढलंत, तर इंजिन विकू नका. तेल भरून, प्लगची भोकं बंद करून लाकडी पेटीत ठेवा.

येताना काय आणाल

नोंदणी पुस्तकाची प्रत, चासी आणि इंजिन नंबरचे फोटो, आणि जुना भाग. तुटला असेल तर सगळे तुकडे. निम्मी रक्कम आगाऊ. ओतकामाला सहा ते आठ आठवडे धरा, गणपतीच्या आसपास दहा. सोमवारी गाळा बंद असतो.

जुना भाग रॉकेलने धुऊन, पॉलिश पेपरने चकचकीत करून आणू नका. तो कुठे आणि कसा झिजला आहे हे आम्हाला त्या काळ्या डागांवरूनच कळतं.